केमोनंतरची मळमळ: गोळी सोडून घरात काय काय करता येतं?

चुलीपाशी (यावल)
नमस्कार मंडळी. सासूबाईंचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, आता केमो सुरू आहे, ती लाल औषधाची. उलट्या गोळ्यांनी बऱ्याच आटोक्यात आहेत, पण मळमळ काही केल्या हटत नाही. डोसाच्या दिवशी घरी येऊन दोन घास खातात. तिसऱ्या दिवसापासून ताट दिसलं की तोंड फिरवतात. आता त्यांचं म्हणणं असं की गोळ्यांनी दिवसभर झापड येते, पोट साफ होत नाही, तेव्हा गोळ्याच नकोत. डॉक्टरांशी बोलणार आहेच. पण गोळीव्यतिरिक्त स्वयंपाकात, घरात, रोजच्या वागण्यात काय बदलावं? आमचं घर एकत्र, दोन्ही वेळा फोडण्या, लसूण, काळा मसाला. नेटवर वाचावं तर टोस्ट खा, क्रॅकर्स खा. आमच्या सासूबाई टोस्टला आजाऱ्याचं अन्न समजतात आणि स्वतःला आजारी समजत नाहीत, त्यामुळे तो मार्ग बंद आहे. :)

गिरणाकाठ (चाळीसगाव)
ताई, पहिलं काम वासाचं. खाण्याचं नंतर.
आमच्या आईच्या वेळी घरातले सगळे 'काय खायला द्यायचं' यावर डोकं लढवत होते, आणि तिची मळमळ सुरू व्हायची ती मधल्या घरातून येणाऱ्या फोडणीच्या वासाने. आपल्याकडचा स्वयंपाक म्हणजे शेंगदाण्याचं तेल, त्यात लसूण, वर खोबरं-कांदा भाजलेला मसाला. निरोगी माणसाला भूक लागते, केमोवाल्याला पोटात ढवळतं. आम्ही गॅसची शेगडी उचलून मागच्या ओट्यावर नेली. पावसाळ्यात जमलं नसतं, पण तेव्हा उन्हाळा होता. रश्श्याच्या भाज्या, पातोडी, शेवभाजी सगळं तिकडे. ती झोपायची त्या खोलीची खिडकी ओट्याच्या उलट बाजूला, हे महत्त्वाचं. कूलर मात्र तपासा. कूलर ओट्याच्या बाजूच्या खिडकीत असेल तर सगळा वास तोच ओढून आत आणतो.
दुसरं, गरमागरम वाढू नका. आपल्याला ताट वाफाळतं लागतं, पण वाफेबरोबर वास वर येतो. डब्याचं झाकण त्यांच्यासमोर उघडायचं नाही. स्वयंपाकघरात उघडा, वाफ जाऊ द्या, कोमट झालं की न्या.
आणि गल्लीत मसाला भाजायचे दिवस असतील तर शेजारी आधीच सांगून ठेवा. मिरची कांडणाऱ्या घराशेजारी त्या दिवशी थांबूच नका, मुलीकडे नाहीतर भावाकडे पाठवा. लोक समजून घेतात, आपण सांगत नाही एवढंच.

तापीवरचा (भुसावळ)
+१. अगरबत्ती, मच्छरची कॉइल, भेटायला येणाऱ्यांचं अत्तर आणि मावशीबाईंचा गजरा हेही यादीत घाला. गुटखा खाऊन जवळ बसणारे पाहुणे तर पहिल्या नंबरावर.

बिबडीवाली (अमळनेर)
टोस्ट नको तर नको, आपल्याकडे कोरडं काय कमी आहे का? सकाळी उठल्या उठल्या, चहाच्याही आधी, अंथरुणातच बसून भाजलेली बिबडी द्या. ज्वारीची, पापडासारखी असते ती, बिनतिखटाची. रिकाम्या पोटी मळमळ जास्त होते म्हणून आधी काहीतरी कोरडं पोटात जावं, एवढाच त्या क्रॅकर्सचा अर्थ. ज्वारीच्या लाह्या, मुरमुरे, राजगिऱ्याचा लाडू, कळण्याच्या भाकरीचा नुसता पापुद्रा, काहीही चालतं. तळलेलं नको, ते पोटात रेंगाळतं.
दिवसाची दोन जेवणं विसरा. दर दीड-दोन तासांनी वाटीभर. भगरीची पेज, मुगाच्या डाळीचं पाणी घातलेला मऊ भात, साधी खिचडी (तूप बेताने), शिजवलेली नागलीची आंबील. साळीच्या लाह्या भिजवून गाळलेलं पाणी आमच्याकडे उलटीच्या माणसाला पहिल्यापासून देतात. पाणी उकळलेलं घ्या.
पाणी जेवताना नाही, जेवणाच्या आधी किंवा नंतर अर्ध्या तासाने, घोट घोट. पोट एकदम भरलं की परत वर येतं. खाल्ल्यावर लगेच आडवं होऊ देऊ नका. तासभर तरी बसू दे, नाहीतर दोन उशा लावून पाठ वर ठेवा.

निसर्गमित्र (धुळे)
इतकं सगळं कशाला? गोळ्या बंद करा. त्या गोळ्यांनीच मळमळ होते. गुळवेलीचा काढा सकाळ-संध्याकाळ आणि गव्हांकुराचा रस. माझ्या ओळखीच्या दोघांना फरक पडला. दोन दिवस निव्वळ लिंबूपाण्यावर ठेवा, शरीर आपोआप शुद्ध होतं.

वॉर्डातली ताई (जळगाव)
निसर्गमित्र, राग मानू नका, पण तुमच्या पोस्टवर थांबून लिहावंच लागेल. मी केमोच्या डे-केअरला नर्स आहे.
केमोची उलटी तीन प्रकारची. पहिल्या २४ तासांत होते ती एक. त्यानंतर सुरू होऊन चार-पाच दिवस रेंगाळते ती दुसरी, जी चुलीपाशी ताईंच्या घरी दिसते आहे. आणि तिसरी औषध अंगात जायच्या आधीच होते, नुसतं हॉस्पिटल दिसलं तरी. लाल औषध, म्हणजे डॉक्सोरुबिसिन, सायक्लोफॉस्फमाइडच्या जोडीने देतात तेव्हा ही जोडी उलटी आणणाऱ्या सर्वांत वरच्या गटात मोडते. सिस्प्लॅटिनही त्याच गटात. अशा डोसात नुसत्या घरगुती उपायांवर माणूस ठेवणं म्हणजे त्याला सलाइनपर्यंत नेणं. आणि पहिल्या डोसांना उलटी जितकी जास्त, तितका तो तिसरा प्रकार जडण्याचा संभव जास्त. म्हणून गोळ्या वेळच्या वेळी, मळमळ सुरू व्हायची वाट न बघता.
पण सासूबाईंची तक्रार खोटी नाही. ऑन्डान्सेट्रॉन या उलटीच्या गोळीने शौचाला कडक होतं. आणि पोट साफ नसलं की त्याचीच मळमळ चौथ्या-पाचव्या दिवशी वाढते. घरच्यांना वाटतं केमोची आहे. रात्री देतात त्या ओलान्झापिनने झापड येते. यावर उपाय आहेत. पोट साफ व्हायचं औषध जोडीला देता येतं, गोळी बदलता येते. ओलान्झापिनचा कमी डोस, १० ऐवजी २.५ मिलिग्रॅम, चालतो का हे मुंबईच्या टाटामध्ये तपासून २०२४ साली छापलंही गेलं आहे. उलटी रोखण्यात तो कमी पडला नाही आणि झोपही कमी आली. हे तुमच्या डॉक्टरांना विचारा, पुढच्या डोसाची वाट न बघता उद्याच फोन करून. घरी बसून गोळी अर्धी करू नका.
गुळवेलीबद्दल: यकृताला इजा झालेले, गुळवेल घेणारे रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत. डॉक्सोरुबिसिनची विल्हेवाट यकृतच लावतं. दोन्ही भार एकाच अवयवावर कशाला? गव्हांकुराचा रस कच्चा असतो. जंतुसंसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना कच्चा रस, रस्त्यावरचा उसाचा रस, बर्फाचा गोळा, कापून ठेवलेली फळं, सगळं बंद. आणि उपाशी तर अजिबात ठेवू नका.

निसर्गमित्र (धुळे)
मी काही डॉक्टर विरोधी नाही. अनुभव सांगितला. बाकी ज्याची त्याची मर्जी.

तापीवरचा (भुसावळ)
जिभाऊ, तुमच्या ओळखीचे दोघे कुठल्या औषधावर होते तेही सांगत चला. काही केमोत उलटी मुळातच कमी होते. मग काढ्यालाही यश येतं आणि पेढ्यालाही. :)

केळीबाग (रावेर)
एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो. डोसाच्या दिवशी आणि पुढचे दोन-तीन दिवस माणसाच्या आवडीचा पदार्थ करू नका.
सगळे उलट करतात. 'बिचारीला काही जात नाही, तिच्या आवडीचं करू.' आमच्या काकूंना भरीत जीव की प्राण. हिवाळ्यात शेतात भरीताची पार्टी म्हटलं की काकू पहाटेपासून काड्या गोळा करणार. केमो नेमकी त्याच दिवसांत. लेकींनी प्रेमाने भरीत आणि कळण्याची भाकरी नेऊन दिली, काकूंनी त्यांचं मन राखायला खाल्लं, रात्री सगळं उलटून पडलं. उपचार कधीच संपले, काकू ठणठणीत आहेत, पण भाजलेल्या वांग्याचा वास आला तर आजही उठून बाहेर जातात. मेंदू त्या पदार्थाची आणि उलटीची गाठ मारून ठेवतो. दोष औषधाचा, शिक्षा वांग्याला. परदेशात तर मुलांना केमोआधी मुद्दाम एखादी अनोळखी चवीची गोळी चघळायला देऊन बघितलं आहे, म्हणजे नावड त्या गोळीवर बसावी आणि रोजचं जेवण वाचावं.
म्हणून त्या चार दिवसांत ज्याच्याशी काही देणंघेणं नाही असं अळणी, बिनचेहऱ्याचं अन्न. मांडे, पुरणपोळी, भरीत सगळं पुढच्या आठवड्यासाठी राखून ठेवा. डोस झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात भूक येते, मात्र नेमक्या तेव्हाच पांढऱ्या पेशी कमी असतात, तेव्हा ताजं आणि नीट शिजलेलं द्या.
केळं चालतं. केळीवाला म्हणून सांगत नाही. :) उलट्यांत पोटॅशियम जातं, केळ्यात ते असतं, साल स्वच्छ धुऊन सोललं की हाताचा स्पर्शही नको. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र विचारून.

शेंगोळा (पाचोरा)
थंडगार दिलं की वास कमी येतो आणि जातंही जास्त. आमच्या बाबांना फ्रीजमधलं ताक, लिंबाच्या सरबताचे घरी गोठवलेले खडे चोखायला द्यायचो. खूप आराम.

नवीन सदस्य (नंदुरबार)
थांबा. थंड सरसकट सगळ्यांना चालत नाही. माझ्या वडिलांना मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी ऑक्सालिप्लॅटिन सुरू होतं. त्या औषधावर थंड पाणी प्यायलं तर घशात सुया टोचल्यासारखं होतं, श्वास अडकल्यासारखा वाटतो, फ्रीजच्या दाराला हात लावला तरी बोटांना झिणझिण्या. त्यांना डोसानंतर काही दिवस सगळं कोमटच. धागा वाचून कुणी बर्फ देऊ नये म्हणून लिहिलं. फाइलमध्ये औषधाचं नाव बघा, मग ठरवा.

शेंगोळा (पाचोरा)
हे माहीत नव्हतं. बरं झालं लिहिलंत.

मनगटी (शिरपूर)
फिजिओथेरपीत आहे, म्हणून मनगटाचं सांगते. तळहात वर करा. मनगटाच्या घडीपासून स्वतःची तीन बोटं आडवी मोजा. त्याच्या वर, मधल्या दोन शिरांसारख्या दोऱ्या लागतात त्यांच्या मध्ये, अंगठ्याने दाबा. दोन-तीन मिनिटं, दुखेल इतकं नाही. मळमळ सुरू होतेय असं वाटताच करायचं. प्रवासात उलटी होऊ नये म्हणून पट्टे मिळतात ते याच जागेवर बसतात. अमेरिकेच्या आरोग्य संस्थेने १९९७ मध्ये तज्ज्ञ बसवून सुया टोचण्याच्या उपचाराबद्दल (ॲक्युपंक्चर) जे मत दिलं त्यात केमोच्या उलटीला उपयोग होतो असं म्हटलं होतं. नुसतं दाबण्याचा पुरावा त्याहून कच्चा आहे, पण खर्च नाही आणि तोटा नाही. सासूबाईंच्या ज्या बाजूचं ऑपरेशन झालं त्या हाताला सूज असेल तर दुसरा हात घ्या. सुया मात्र पेशी कमी असताना नकोत.
सुंठ विचाराल तर २०१२ साली छापलेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात ५७६ रुग्ण होते. केमोच्या तीन दिवस आधीपासून रोज अर्धा ते एक ग्रॅम आल्याचा अर्क दिला, तेव्हा पहिल्या दिवशीची मळमळ कमी झाली. जास्त दिल्यावर फायदा वाढला नाही. त्या सगळ्यांच्या नेहमीच्या उलटीच्या गोळ्या चालूच होत्या, हे विसरू नका. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत फायदा दिसला असंही नाही. आपल्या मापात पाव चमचा सुंठ गुळाच्या खड्याबरोबर. छातीत जळजळ असेल, प्लेटलेट कमी असतील किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय नाही.

गिरणाकाठ (चाळीसगाव)
आल्याचा वासच सहन होत नाही असेही असतात. आमच्या आईला लिंबाची फोड नाकाशी धरली की बरं वाटायचं, आलं नाही. ज्याला जे मानवेल ते.

उठून बसलेली (शहादा)
इतका वेळ वाचत होते. मी स्वतः यातून गेलेली बाई आहे, तेव्हा ताटाच्या पलीकडच्या बाजूने लिहिते.
सूनबाई, तुमच्या सासूबाईंना दिवसातून किती वेळा 'काय खाता?' विचारलं जातं ते एकदा बघा. माझ्या घरी चहा घेतला का, पेज घेतली का, संपवली का, किती राहिली, असं चालायचं. माझी आई उशाशी बसून 'माय, एक घास खाई ले ना वं' करत रडायची. मी तिच्यासाठी घास घ्यायची आणि मोरीकडे पळायची. मग ती आणखी रडायची. मळमळ औषधाची होतीच, पण त्या घासाची धास्ती त्याहून मोठी झाली होती. वाटी घेऊन पायात चपला सरकवल्याचा आवाज आला की घशाशी यायचं.
शेवटी माझ्या नणंदेने सगळ्यांना दम भरला. खाण्याबद्दल कोणी विचारायचं नाही. स्टुलावर झाकलेल्या लहान वाट्या ठेवायच्या, निघून जायचं. अर्धी वाटी राहिली तरी शब्द काढायचा नाही. मी एकटी असताना, खिडकीबाहेर बघत, मोबाइलवर कीर्तन ऐकत बऱ्यापैकी खायची. घरात बायका दुखावल्या, त्यांना वाटलं आपली माया नाकारली. पण मला त्याचा उपयोग गोळीइतकाच झाला. मोठी वाटीसुद्धा नको हो, भरलेली वाटी बघूनच पोट आवळतं. देवाची नैवेद्याची असते तेवढी.
आणि तो तिसरा प्रकार ताईंनी लिहिला, तो मला झाला होता. बस नाशिकच्या स्टँडात वळली की ओकारी. सुई लागायची बाकी असायची. यावर मला डॉक्टरांनी अंग सैल सोडायचं शिकवलं. पायाची बोटं घट्ट आवळायची, थोडं धरायचं, सोडायची. मग पोटऱ्या, मांड्या, मुठी, खांदे, कपाळ. सोडताना श्वास लांब. रोज घरी, बरं वाटत असतानाच सराव केला, म्हणून स्टँडात वळताना जमलं. त्याच दिवशी पहिल्यांदा करायला गेलं तर नाही जमत. जाताना साडी वेगळी, साबण वेगळा, हॉस्पिटलात नेलेली पाण्याची बाटली घरात वापरायची नाही. वेडगळ वाटेल, पण तिथली कुठलीही वस्तू घरात नको वाटायची. त्याची एक गोळीही असते, डोसाच्या आदल्या रात्री देतात. मला द्यावी लागली नाही, लागली असती तर घेतली असती.

बिबडीवाली (अमळनेर)
अक्का, हे वाचून मी माझ्या जावेला पाठवलं आहे. तिच्याकडे नेमकं हेच चाललं आहे.

तापीवरचा (भुसावळ)
प्रवासाचं माझ्याकडून. भुसावळ-जळगावहून मुंबईला डोसासाठी जाणारे बरेच आहेत. परतीची गाडी डोसानंतर लगेच असेल तर गोळीची वेळ गाडीत येते का बघा, गजर लावा. गाडीच्या दिशेने तोंड करून खिडकी, संडासापासून आणि पॅन्ट्रीपासून लांबचा डबा. मोबाइल बघू देऊ नका, लांबच्या शेतांकडे नजर. एसटीत मागची सीट नको. जाड पिशव्या, ओला रुमाल, चूळ भरायला पाणी हाताशी, वरच्या बॅगेत नाही.

वॉर्डातली ताई (जळगाव)
घरच्यांनी भिंतीवर चिकटवून ठेवा. यातलं काहीही झालं तर घरगुती उपाय बंद, थेट फोन: दिवसभर पाण्याचा घोटही टिकत नाही, आठ तास लघवी नाही किंवा गडद पिवळी, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काळसर, ताप १०० अंशांच्या पुढे (१००.४ म्हणजे रात्री दोनलाही निघायचं), पोट फुगून कळा आणि वाराही सरत नाही, उठल्यावर अंधारी, बोलण्यात असंबद्धपणा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा पाणी फार झपाट्याने कमी होतं. तिथे तर दिवसभरही थांबू नका.
टिकत असेल तोवर ओआरएस. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, अंदाजाने नाही. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा. तांब्याभर एकदम पाजला की सगळं बाहेर.

चुलीपाशी (यावल)
सगळ्यांचे आभार. फोन केला होता. पोट साफ व्हायचं औषध सुरू केलं, रात्रीची गोळी बदलली. सासूबाई गोळ्या घ्यायला तयार झाल्या आहेत, पण 'तुझ्या त्या नर्सबाईंनी सांगितलं म्हणून' असं म्हणतात, माझं ऐकलं असं नाही. शेगडी ओट्यावर गेली. सासऱ्यांनी कुरकुर केली, आता तिथेच खुर्ची टाकून बसतात. बिबडी चालली, भगर चालली, सुंठ थुंकून टाकली. खाण्याबद्दल विचारायचं नाही हे घरात सगळ्यांना पटवणं सर्वांत जड जातंय, आजेसासूबाई अजून दाराआडून बघतात किती खाल्लं ते.
एकच राहिलं. तोंडाला लोखंडासारखी चव येते म्हणतात, त्यानेच ढवळतं. काय करावं?

वॉर्डातली ताई (जळगाव)
लिटरभर पाण्यात चमचाभर मीठ आणि चमचाभर खायचा सोडा. खाण्याआधी आणि उलटीनंतर चूळ, गिळायचं नाही. तोंड आलेलं नसेल तर लिंबू किंवा आवळा चघळायला द्या. तोंड आलं असेल तर आंबट नको.

केळीबाग (रावेर)
स्टीलचा चमचा बदलून लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा द्या, ताटाऐवजी काचेची वाटी. आमच्याकडे एवढ्यानेच निम्मी तक्रार गेली.

बिबडीवाली (अमळनेर)
आणि भगरीची पेज घट्ट झाली की चव जास्त लागते. अर्धी वाटी भगरीला पाच वाट्या पाणी, जिऱ्याची फोडणी नाही, मीठ शेवटी. पिता येईल इतकी पातळ ठेवा.